बोलती वाटी

“पाच!” मुलगी ओरडली.

चाचणीच्या खोलीच्या काचेपलीकडे बसलेल्या, खेळाच्या डिझायनरने समोरच्या पडद्यावर पाहिलं. फासा दोनवर थांबला होता.

मुलीच्या बापाने पटावर बोटं फिरवली, दोरा गुंडाळलेली आपली सोंगटी शोधली आणि घरं चाचपत पाच घरं पुढे नेली. तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. वेताच्या खुर्च्या विणायचा. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या. पटाच्या मधोमध पारदर्शक प्लॅस्टिकची वाटी उपडी बसवली होती. ती दाबली की खालची पत्र्याची पट्टी टक् करायची आणि आतला फासा उडायचा. फासा हातात घ्यायला नको, पलंगाखाली शोधायला नको. ही वाटी डिझायनरने बनवली होती. पडलेलं प्रत्येक दान टिपून पडद्यावर पाठवणारं तिच्या तळाचं यंत्रही त्याचंच.

मुलीची पाळी आली. टक्. सहा पडले.

“शी! एकच,” ती म्हणाली आणि एक घर सरकली.

“नववं खोटं,” डिझायनर हसला. “बाप काय हाक मारतो हिला? ठकी! नाव अगदी शोधून ठेवलंय.”

शेजारी नोंदी घेणाऱ्या बाईचं पेन थांबलं.

“लिहा, लिहा. पोरगी लबाड आणि वर बावळट. खोटं बोलायचं तर निदान स्वतःसाठी तरी बोलावं! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, हे ऐकलं होतं. इथे कुत्रं पीठ आणून घालतंय.”

दहा दिवस तो या काचेमागे बसून कुटुंबं बघत होता. हरायला लागले की पट उधळणारे काका, पोराच्या पाळीलाही स्वतःच वाटी दाबणारे बाप, नियमांचा कागद न वाचता ‘खेळात दम नाही’ म्हणणाऱ्या मावश्या. असल्यांच्या हाती फासा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. माणूस आला की लबाडी आलीच. म्हणून तर त्याने वाटीला वाचा दिली होती. एक कळ सरकवली की पडलेलं दान वाटी स्वतःच बोलून दाखवायची. आजची शेवटची चाचणी झाली की ती कारखान्यात जाणार होती, आणि खोक्यावर त्याचं नाव छापलं जाणार होतं.

डाव बापाने जिंकला. दोन्ही हात वर करून तो खदखदून हसला. मुलीने टाळ्या पिटल्या. डिझायनर उठून आत गेला.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “आता दुसरा डाव. आता तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.”

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याने कळ सरकवली. बापाने वाटी दाबली.

“दोन,” वाटी गोड आवाजात म्हणाली.

मुलीचं बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग तिची पाळी. “सहा.” बापाची. “एक.” पुन्हा तिची. “पाच.” त्यानंतर तिने दोन्ही हात मांड्यांखाली दडवले.

“खेळ की गं, ठके,” बाप म्हणाला.

“मला नाही खेळायचं. हे घाणेरडं आहे.”

“घाणेरडं नाही, खरं आहे,” डिझायनर म्हणाला. त्याला राहवेना. “सांगूनच टाकतो तुम्हाला. मागच्या डावात तुमच्या मुलीने बावीस वेळा खोटं दान सांगितलं. तुमची वाढवून, स्वतःची कमी करून. यंत्रात सगळी नोंद आहे. तुम्ही जिंकला नाहीत. हिने तुम्हाला जिंकवलं.”

मुलीचे कान लाल झाले. तिने बापाकडे बघितलं नाही. एक थेंब पटावर पडला, आणि तिने तो घाईघाईने बाहीने पुसला.

 बापाचं बोट पटाच्या कडेवरून सरकत सरकत कळीपर्यंत गेलं. त्याने ती बंद केली.

“बावीस?” तो म्हणाला. “मी एकोणीसच धरली होती.”

मुलीने झटकन मान वर केली. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

आवाजाच्या रोखाने हात नेऊन त्याने तिचं डोकं शोधलं आणि हात तिथेच ठेवला. चेहरा मात्र डिझायनरकडे वळवला. समोर एखादं खुळं पोर उभं असावं, तसा त्याचा आवाज मऊ झाला.

“डोळे गेल्याला चार वर्षं झाली, साहेब. तेव्हापासून मी एकही डाव हरलेलो नाही. एवढं नशीब कुणाचं असतं?”