लिंक उघडत नाही

बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी शिरली होती, आणि शेतांचे फोटो संध्याकाळी पाचपर्यंत तहसील कार्यालयात पोचले नाहीत, तर रोहिणखेडच्या नुकसानीचा पंचनामाच होणार नव्हता. अकरावीतल्या महनूरनं मोठ्या हौसेनं गावासाठी वेबसाइट बनवली होती. वरच्या ओळीत तिसरी लिंक, 'फोटो पाठवा'. तिच्या बोटाखाली ती फटकन उघडायची. पण सकाळपासून शेताशेतातून फोनवर एकच रड: "कवाचा दाबून राह्यलो, पान काही उघडत नाही! तुह्या वेबसाइटलेबी अळी लागली काय वं?"

तिनं जावास्क्रिप्टची ओळ न् ओळ पिंजून काढली. क्लिक झाल्यावर काय व्हायला हवं, ते सगळं बरोबर लिहिलेलं होतं. पाचाला वीस मिनिटं उरली, तसे शेजारचे मार्तंडकाका फोन घेऊन धापा टाकत दारात आले. महनूर पार रडकुंडीला आली होती. "काका, माह्यासमोर दाबून दाखवा बरं."

काकांनी अंगठा सदऱ्याला पुसला, लिंकवर नीट टेकवला, डावीउजवीकडे जरासा लोळवला आणि तसाच गच्च दाबून धरला.

"अहो काका, उचला ना! अंगठा उचलल्याबिगर क्लिक होतच नाही!"

काका गोंधळले. "साहेब म्हनत नाही तोवर उचलत नसते, पोरी. आमाले तं जिंदगीभर कागदावर अंगठा देतानी हेच सांगतलं." मग तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मंग... उचलू काय?"