वालबुर्गाचं दाताळं

पहिल्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, इंग्रजी अमलातल्या सस्कॅचेवनच्या माळावर मठाभोवती वसलेल्या जर्मन गावात भरदुपारी शहरातले तिघे घोडेस्वार घुसले. मठातल्या ब्रदर माइनराडना त्यांनी शाळेतून फरफटत बाहेर आणलं. "पोरांना शत्रूची भाषा शिकवतोस? राजाच्या झेंड्याचा मुका घे, थेरड्या!" म्होरक्यानं तोंडावर बूट हाणला. दात पडले. शेजारी गवत रचणाऱ्या वालबुर्गाला ब्रदरनीच लिहायला शिकवलं होतं. तिनं धावत येऊन हातातलं गवताचं टोकदार दाताळं म्होरक्याच्या मांडीत खुपसून उपसलं. रक्ताची चिळकांडी उडाली. गाव धावून आल्यावर साथीदार पळाले. "मर मेल्या!" ती ओरडली. माइनराडनी सरपटत येऊन कमरेच्या पट्ट्यानं त्याची मांडी आवळली. "वालबुर्गे, दाब इथं. माझ्या हातांत जोर नाही." "मी? ह्याला?" "तूच!" ती गुडघ्यांवर बसून जखम दाबू लागली. "सोडू नका, बाई," तो कण्हला. डॉक्टर येईपर्यंत तिनं हात काढला नाही, शिव्याही थांबवल्या नाहीत.