फुलोऱ्यातली थंडी

डॅन्यूबकाठच्या आमच्या भागात जर्दाळूच्या बागा फुलोऱ्यावर होत्या. राडोयकाने रेडिओवर वाचायला हवामानाचा अंदाज लिहिला. अवकाळी थंडी येतेय, पहाटे दंव गोठेल, बागा सांभाळा. केंद्राचे संचालक ग्वोझ्देन यांनी त्यावर सरळ काट मारली.

"उद्या फुलांचा उत्सव आहे. बेलग्रेडहून पाहुणे येतायत. 'सकाळी हवा आल्हाददायक', एवढंच वाच."

"साहेब, अख्खा फुलोरा जळून जाईल. लोक आपल्या भरवशावर बसलेत."

"तुला हवामान वाचायला ठेवलंय, लोकांना घाबरवायला नाही."

राडोयका धुमसतच उठली. स्टुडिओकडे जाताना तिला जिन्यात ग्वोझ्देन यांचा दबका आवाज ऐकू आला. ते फोनवर बायकोला सांगत होते, "भाच्यांना बोलावून घे आणि पहाटे बागेत ओला पेंढा पेटव. धूर राहिला तरच फुलं वाचतील."

लाल दिवा लागला. राडोयकाने माइक जवळ ओढला.

"नमस्कार. उद्या सकाळी हवा आल्हाददायक असेल, असं आमच्या संचालकांचं म्हणणं आहे. स्वतःच्या बागेत मात्र त्यांनी पहाटे ओला पेंढा पेटवायला सांगितलंय. तुम्हीही तेच करा."