बुडणारे चारशे डॉलर

“म्हणजे एकतीस तारखेपर्यंत खर्च केले नाहीत, तर पैसे बुडाले? परत कंपनीच्याच घशात?” रूपेशने चहाचा कप टेबलावर आपटला. “वर्षभर मान मोडून राबायचं आणि हक्काचे चारशे डॉलर यांनी गिळायचे! कोण बनवतं असले नियम?”

“दरवर्षी असंच असतं,” गिरिजा म्हणाली. तिने उजव्या गालावर तळहात दाबून धरला होता.

कंपनीचे हे पैसे चष्मा, दात, तपासण्या असल्याच गोष्टींवर खर्च करता येत. घरातल्या माणसांसाठीही चालत. ठरवून दिलेल्या दुकानात कार्ड दाखवायचं, सही करायची, झालं. वर्षातला शेवटचा शनिवार होता आणि सिंगापूरमधल्या पुंगोलच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून दुसरा विषय नव्हता.

“एक डॉलर सोडायचा नाही,” रूपेश म्हणाला. “हार्बरफ्रंटच्या मॉलमधलं चष्म्याचं दुकान चालतं ना आपल्याला? मी मंगळवारीच जाऊन फ्रेम बघून आलोय. टायटॅनियमची, रिमलेस. लेन्स धरून सगळं चारशेत बसतं.”

“आत्ताचा चष्मा चांगला आहे की तुझा.”

“चांगला? ही दांडी बघ. समोरच्याचं पहिलं लक्ष चेहऱ्याकडे जातं, गिरिजा. हा लावून चार माणसांत बसायचं?”

“माझी दाढ दिवाळीपासून ठणकतेय, रूपेश. रूट कॅनाल करायला सांगितलंय.”

“जानेवारीत नवे पैसे येतील. तेव्हा पहिली तुझी दाढ. तोवर लवंग धर.”

गिरिजा काही बोलणार, तेवढ्यात नाशिकहून रूपेशच्या आईचा फोन आला. त्याने स्पीकर लावला.

“कंपनीकडून चष्मा घेतोय, आई. भारीतला.”

“घे रे बाबा. तुझ्या कष्टाचं आहे ते. गिरिजा आहे का तिथे? गिरिजा, त्याच्या खाण्यापिण्याकडे बघ गं. परक्या देशात एवढा संसार एकट्याच्या खांद्यावर. दमत असेल पोरगं.”

रूपेश खिडकीपाशी जाऊन खालून जाणारी एलआरटी ट्रेन बघू लागला. गिरिजा थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

“हो आई,” ती म्हणाली. बोलताना दुखरी बाजू तिने हलू दिली नाही.

जेवण झाल्यावर तिघं निघाली. चौथीतली लेक क्षिप्रा उड्या मारत पुढे. पुंगोल स्टेशनवर गिरिजा सवयीने फलाटाच्या एका विशिष्ट दारापाशी जाऊन उभी राहिली. हार्बरफ्रंटला उतरल्यावर एस्केलेटर अगदी समोर आला. रूपेशचं तिकडे लक्ष नव्हतं. गाडीत तो अख्खा वेळ तावातावाने बोलत होता. कंपन्या माणसाला कशा पिळतात, हातावर तुकडा ठेवतात आणि वर तारीख घालून तोही काढून घेतात. समोरच्या बाकावरच्या चिनी आजीने दोनदा त्याच्याकडे रोखून बघितलं.

“हळू बोल,” गिरिजा म्हणाली.

“का हळू? अन्याय आहे हा! आणि तुला कसा राग येत नाही, तेच मला कळत नाही.”

“येतो ना,” गिरिजा म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

दुकानात रूपेश रमला. मंगळवारची फ्रेम त्याने लावली, काढली, दुसरी लावली. विक्रेता प्रत्येक वेळी “व्हेरी स्मार्ट, सर” म्हणत होता.

“ही बरी की ती?”

“रूपेश, कालची अख्खी रात्र मी बसून काढलीय. खरंच सहन होत नाही आता.”

“अगं दोन मिनिटं. ही की ती, एवढंच सांग.”

गिरिजाचं तोंड लाल झालं. गाल सुजल्यामुळे असेल, असं त्याला वाटलं.

“ही,” ती म्हणाली.

तो आतल्या खोलीत डोळे तपासून घेऊन बाहेर आला, तेव्हा विक्रेत्याने बिल तयार ठेवलं होतं. बरोबर चारशे. “कार्ड, सर?”

“बायकोच्या पर्समध्ये आहे,” रूपेश म्हणाला आणि वळला. स्टुलावर क्षिप्रा एकटीच पाय हलवत बसली होती.

“मम्मा कुठे गेली?”

“नेक्स्ट डोअर लाह. डेंटिस्ट,” क्षिप्रा शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

रूपेश तरातरा बाहेर पडला. ठरलं काय होतं आणि ही करते काय! शेजारच्या क्लिनिकचं दार त्याने जोरात ढकललं. आतल्या बंद खोलीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. तिच्यापुढे कार्ड होतं आणि सही केलेली पावती.

“थांबवा ते!” रूपेश इंग्रजीत ओरडला. “ते पैसे चष्म्याचे आहेत. मला न विचारता तुम्ही कार्ड घेतलंतच कसं?”

मुलगी दचकली. तिने कार्डावरचा फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

“हे मॅडमचं स्टाफ कार्ड आहे, सर. त्यांच्या कंपनीचं. सही त्यांचीच चालते,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचंही कार्ड असेल तर दाखवा ना. तुमची कंपनी कुठली?”

आतली घरघर थांबली होती.

“सध्या... कुठलीच नाही,” तो म्हणाला. “मी तिचा नवरा.”

“ओ, ओके. डिपेंडंट,” मुलगी हसून म्हणाली. “बसा ना.”