हलत्या चाळणीचा नकाशा

श्रीपादराव ओटीवर चढले तेव्हा विश्रामपंतांचा उजवा हात सागवानी पट्ट्यांच्या एका सांगाड्याला मनगटापाशी बांधलेला होता. चार पट्ट्या, चार खिळे आणि खाली लोंबणारी एक पितळेची चकती. ती चकती एरंडेलाने भरलेल्या पातेल्यात बुडाली होती.

"या, या," पंत म्हणाले. "उठत नाही म्हणून रागावू नका. जखडलोय."

श्रीपादराव खाडीकाठच्या कारखान्याच्या मालकांचे पुतणे. मालकांनीच त्यांना पाठवलं होतं. पंतांच्या हाताला कंप सुटलाय आणि म्हणूनच ते तीन महिने घरी बसून नकाशे काढतात, अशी कारखान्यात कुजबुज होती. ती खरी ठरली तर नोकरी गेली. नकाशे काढणाऱ्याकडे हाताखेरीज दुसरं असतं काय? पंतांनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी काही लपवलं नाही, म्हणजे जे लपण्यासारखं नव्हतं तेवढं लपवलं नाही.

"हे काय यंत्र?"

"औषध. वैद्यबुवांनी एरंडेल पोटात घ्यायला सांगितलं होतं. मी बाहेरून घेतो."

श्रीपादरावांना हसू आलं. पंतांना तेवढंच निमित्त पुरलं आणि ते खुलले. आधी बांबूच्या हलक्या पट्ट्या लावल्या, तर हाताचा कंप टाकाच्या टोकाशी दुप्पट होऊन उतरायचा. मग शिसं बांधून वजन वाढवलं. थरथर मंदावली, पण एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेईना. मग चकती पाण्यात सोडली, मग गोडेतेलात आणि शेवटी एरंडेलात.

"सावकाश जाणाऱ्याला एरंडेल वाट देतं," पंत म्हणाले. "घाईने थरथरणाऱ्याला देत नाही. बघा."

समोरच्या आडव्या फळ्यावर कल्याणच्या भातगिरणीसाठी केलेल्या चाळणीचा नकाशा होता. इंजिनाने दांडा ढकलायचा, दांड्याने टांगलेली चाळण पुढेमागे हलवायची, की कोंडा एकीकडे आणि तांदूळ एकीकडे. दांड्याची एक कड काढायची राहिली होती. पंतांनी आखणीची पट्टी धरली आणि टाक टेकवला. सांगाडा हळूहळू सरकला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आली.

"चाळणीने हलायचं, काढणाऱ्याने नाही," पंत म्हणाले. "मजा सगळी एवढीच आहे."

श्रीपादरावांना मनापासून बरं वाटलं. म्हातारा त्यांना आवडायचा आणि वाईट निरोप घेऊन परत जायची त्यांची इच्छा नव्हती. ते नकाशावर वाकले. आकडे टपोरे, अक्षर स्वच्छ.

"उत्तम. आता कोपऱ्यात तेवढं नाव घाला. तीन महिन्यांत एकाही कागदावर तुमचं नाव नाही. काका म्हणतात, नाव नाही तर काम कुणाचं कोण जाणे. बिननावाचा कागद यापुढे भट्टीवरच्या लोहारांकडे द्यायचा नाही, असं सांगितलंय त्यांनी."

पंतांचा टाक कोपऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला. अक्षराला लहान लहान, चपळ वळणं लागतात.

"तेलाला अक्षर आणि कंप यातला फरक कळत नाही," ते हळूच म्हणाले. "ते दोन्ही अडवतं."

"मग हे आकडे कुणी लिहिले?"

आत बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

आकडे पंतांच्या पत्नीचे होते. दुपारी दार लावून घेऊन पंतांनीच भागीरथीबाईंना लिहायला शिकवलं होतं. बाईमाणूस लिहितं म्हटल्यावर आळीला महिनाभर दुसरा विषय लागला नसता, म्हणून दार लावायचं. लांबी, रुंदी, भोकांची मापं, सगळं त्या लिहीत. कोपरा मात्र कोरा ठेवीत. नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही, मग चार लोहारांच्या हाती जाणाऱ्या कागदावर ते लिहायचं कसं? पंतांनीही कधी आग्रह केला नव्हता.

"पंत, मला काकांना सांगावं लागेल," श्रीपादराव म्हणाले. त्यांनी ते शक्य तितकं हळुवार म्हटलं आणि पगडी उचलली.

तेवढ्यात भागीरथीबाई ओटीवर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या या घरात आजवर कधी आल्या नव्हत्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीकडे. त्यांनी पंतांच्या बांधलेल्या हातातून टाक काढून घेतला, फळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि कोपऱ्यात नाव लिहिलं. सबंध नाव, आडनावासकट.

श्रीपादराव अंगणाकडे बघत राहिले. मग त्यांनी पगडी पुन्हा खाली ठेवली.

"शाई वाळली की नेतो," ते म्हणाले. "घाई नाही."

पंत मात्र त्या नावावरून नजर काढीनात. बाराखडीपासून अपूर्णांकापर्यंत त्यांनीच सगळं शिकवलं होतं, तेव्हा नवं अक्षर कुठलं आणि मुरलेलं कुठलं हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. या नावातल्या एकाही वळणाला अडखळ नव्हती.

"हा शब्द मी तुला कधी घालून दिला नव्हता," ते म्हणाले.

भागीरथीबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"इकडची पाठ वळली की पहिला तोच गिरवायचे."