मोजडीतली ओल

उद्या स्वतःच्या लग्नाच्या वरातीत संयम आजोबांची मखमली मोजडी घालणार होता. घरची रीतच तशी. जळगावच्या मे महिन्यात ओला टॉवेल दहा मिनिटांत वाळतो, पण मोजडी आतून ओलीच.

“मखमलीला पाणी लावलंस ना?” त्याची आजी झमकूबाई सुनेवर खेकसल्या. “नुसता कोरडा ब्रश फिरवायचा, तेवढीही अक्कल नाही!”

“मम्मीजी, मी हातसुद्धा लावला नाही.”

नाक मुरडून झमकूबाईंनी स्वतः आत रद्दीचे बोळे भरले. तीनदा भरले, तीनदा चिंब निघाले. असेच घामट पाय होते प्रकाशचंदांचे. चाळीस वर्षं त्यांना नवऱ्याच्या त्या पायांची किळस यायची; त्या खेकसल्या की तो पायाची बोटं आखडून घ्यायचा. बारा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा कुठे सुटल्या.

“गेला तरी घाण ठेवून गेला,” म्हणत त्यांनी चौथा बोळा पार टोकापर्यंत खुपसला.

आत पायाची बोटं नेहमीसारखी मुकाट्याने आखडली.