सोपटाचा दोर

तिसरी इमारतही कोसळली तेव्हा सुमेधने हातातल्या काड्या बाकावर टाकल्या आणि जाहीर केलं, "आपण सरळ बैठं घर बांधू या. पडायची भानगडच नको."

"चार मजलीच हवी," स्वप्ना म्हणाली. "आणि खाली नुसते खांब, पार्किंगचे. आमच्या बिल्डिंगसारखी."

आठवी 'ब'मध्ये रामनाथ सरांनी स्पर्धा लावली होती. तिघातिघांचे गट, आइस्क्रीमच्या काड्यांची इमारत, डोक्यावर अर्धी वीट. गोट्यांवर ठेवलेला पाट सर तीस आकडे होईपर्यंत गदागदा हलवणार. जी उभी राहील ती जिंकली. बाकी वर्गाचा डोळा बक्षिसाच्या कंपासपेट्यांवर होता. स्वप्नाला कंपासपेटी नको होती. तिला आई परत हवी होती.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून ती घरी आली, बूट काढायला वाकली, आणि बंद पंखा आपोआप झुलायला लागला. भूकंप तिकडे गुजरातेत झाला, पण वसईतला चौथा मजलाही चांगलाच डुलला. आईने तिच्या मनगटाला धरून चारही जिने पळवत खाली नेलं. इमारतीला साधा तडाही गेला नाही. बिनसलं ते आईचंच.

आधी दोन दिवस सकाळी सकाळी तिने पायांवरून स्वप्नाची खरडपट्टी काढली. "तळवे बघ कसे काळे झालेत! पाय न धुता झोपतेस होय?" स्वप्ना धुतले म्हणाली तर ऐकेचना. मग तिसऱ्या रात्री तिने आपलं अंथरूण स्वप्नाशेजारून उचललं आणि थेट बाहेरच्या दाराला चिकटून घातलं. वरून कडीला देवघरातली घंटी बांधली. बाबा कायमचे रात्रपाळीला, समजवायचं कुणी?

"यमुनाताई, भूकंप काय घंटी वाजवून येतो?" शेजारच्या हंसाकाकू हसायच्या.

आई पण हसायची आणि विषय सोडून द्यायची. रात्रीची झोप अशी दारात, मग दिवसा ती भाजी निवडता निवडता पेंगायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"अगं, किती घाबरायचं माणसाने?" एकदा स्वप्ना चिडली. "मला बघ. पडल्या पडल्या झोपते, ती सकाळीच उठते."

"हो ना," आई म्हणाली. "तू छान झोपतेस." आणि तिने उगाचच स्वप्नाच्या गालावरून हात फिरवला.

आई शेजारी नसली की ते अंथरूण केवढं तरी मोठं वाटायचं. तेराव्या वर्षी हे सांगणार कुणाला? तिने तोडगा काढला होता. आपल्यासारखीच इमारत करायची, आईच्या डोळ्यांदेखत हलवायची, आणि ती पडत नाही हे दाखवायचं.

पण ती पडत होती. दर वेळी गोंद लावलेल्या जोडातच काडकन तुटायची.

"आमचे पप्पा तोंडलीचा मांडव गोंदाने नाही चिकटवत," गटातली तिसरी, हिल्डा, म्हणाली. तिच्या वडिलांची, फर्डिनंड यांची, बाजारात तोंडलीसाठी ख्याती होती. "बांधतात. वाऱ्यात अख्खा मांडव हलतो, पण सुटत नाही."

दुसऱ्या दिवशी ती केळीच्या खोडाच्या सुकवलेल्या सालींचा, म्हणजे सोपटांचा, वळलेला दोर घेऊन आली. पिवळट, दिसायला अगदीच मामुली. तिघांनी गोंद खरवडून काढला आणि एकेक जोड दोराने बांधला. रामनाथ सरांनी चष्मा वर करून गाठी पाहिल्या.

"शाब्बास. हलायला मोकळीक द्यायची, सुटू मात्र द्यायचं नाही."

शनिवारी स्वप्नाने आईला ओढतच शाळेत आणलं. मागच्या बाकावर बसल्या बसल्या आईचा डोळा लागला. पाच गटांच्या इमारती पडल्या तरी तिला पत्ता नाही. स्वप्नाने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ती जागी झाली.

पाट हलायला लागला. इमारत डावीकडे कलली, उजवीकडे कलली. वीट दोनदा घसरता घसरता राहिली. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस!" वर्ग ओरडला. इमारत उभी होती. स्वप्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आधी आईकडे पाहिलं.

आई इमारतीजवळ आली, पण वीट किंवा खांब यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती गाठी बघत होती.

"हा दोर तुटत नाही?"

"ओढून बघा ना काकू," हिल्डा म्हणाली.

आईने सगळा जोर लावून ओढून पाहिला. बोटांवर घासून पाहिला. "टोचत पण नाही गं. थोडा उरलाय का? चार-पाच हात मिळाला तरी पुरे."

"कशाला?" स्वप्नाने विचारलं.

"घरात लागतो काहीतरी बांधायला," आई म्हणाली आणि दोराची गुंडी पिशवीत टाकली.

संध्याकाळी जिंकलेली इमारत टीव्हीवर विराजमान झाली. स्वप्नाने जेवतानाच विषय काढला.

"पाहिलंस ना? आपली बिल्डिंग पडत नाही. आता तरी आत झोपशील?"

आईने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"झोपते."

स्वप्नाने स्वतः कडीची घंटी सोडली आणि देवघरात ठेवली. किती दिवसांनी दोन अंथरुणं शेजारी पडली. आईच्या अंगावर पाय टाकून ती क्षणात झोपली.

रात्री दोनला, सव्वीस जानेवारीपासून रोज उठायची तशीच, स्वप्ना झोपेतच उठली आणि उघड्या डोळ्यांनी, अनवाणी, जिना गाठायला दाराकडे धावली. दुसऱ्याच पावलाला तिच्या घोट्याला बांधलेला सोपटाचा दोर ताणला गेला, आणि दुसऱ्या टोकाला आईचं मनगट हललं.